'मॅडम, बुरशी पोहते का?' : निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेचं प्रकरण

छाटणीनंतरच्या बत्तिसाव्या दिवशी सकाळी साडेसातला मामेभावाचा फोन आला. "ताई, घडावर पांढरं पडलंय. फोटो टाकलाय, बघ ना." मी पोळ्या लाटत होते. पिठाच्याच बोटांनी फोटो मोठा केला. हिरव्या कोवळ्या घडावर पांढुरकी लव, मागचं सगळं धूसर. मी म्हटलं, "बुरशीच आहे. एखादं बुरशीनाशक मारून टाक."

नाशिकमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते मी, गेली अठरा वर्षं. वर्गीकरणाचा धडा तर दर जूनमध्ये. तरी त्या सकाळी माझ्या तोंडून जो शब्द गेला तो चुकीचा होता, आणि त्याच शब्दाच्या जोरावर भावाने पुढचे चार दिवस घालवले. म्हणून या प्रकरणात चुकलेल्यांच्या यादीत पहिलं नाव माझंच. बागेचं गाव सांगत नाही, माणसांची नावं सांगत नाही. बाकी घडलं ते असं.

बाग आणि माणसं

अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली. वरचा तुकडा मुरमाड, खालचा कालव्याच्या अंगाला, काळ्या जमिनीत. मामा गेल्यावर बाग भावाच्या गळ्यात पडली. तो तोवर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणारा माणूस. सुट्टीत येऊन ट्रॅक्टर चालवायचा, डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, हात लावायचा, पण निर्णय सगळे मामाचे. ही त्याची स्वतःच्या जबाबदारीवरची पहिली गोडी छाटणी.

द्राक्षपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नाशिकमध्ये वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यातून माल येतो. थंड देशांत वेल हिवाळ्यात पान टाकून झोपतो. आपल्याकडे तो फारसा झोपतच नाही, जवळजवळ बारा महिने वेलावर कुठे ना कुठे हिरवं पान असतं. आणि बागेत तारीख कोणी विचारत नाही, 'कितवा दिवस?' असं विचारतात.

मामाची एक सवय होती. सकाळी ऊन तिरपं असताना बागेत शिरायचं, मधलंच एखादं पान तोडायचं आणि पाचशेची नोट उजेडात धरून बघावी तसं ते उन्हाकडे धरायचं. मग उलटं करून बघायचं. मग फेकायचं. मी लहानपणी विचारलं होतं, काय बघता? "पाहुणे आलेत का ते," म्हणाले होते. मला तेव्हा तो विनोद वाटला.

सव्वीस ते छत्तीस

सव्विसाव्या दिवशी पाडवा होता. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजूर मंडळी दिवाळीला घरी गेलेली, त्यामुळे फेलफुटी आणि बगलफुटी, म्हणजे नको असलेले कोंब, काढायचं काम खालच्या तुकड्यात अर्धं राहिलेलं. पानावर पान, आत वारा नाही. त्या रात्री दोन तास पाऊस झाला आणि पहाटेपर्यंत बुरबुर चालू राहिली. दुसऱ्या दिवशी काळ्या जमिनीत ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र, घालायची सोय नव्हती, ट्रॅक्टर रुतला असता. तिसऱ्या दिवशी भाऊबीज पार पाडून तो परत आला तेव्हा ऊन पडलं होतं, वेली तजेलदार दिसत होत्या. त्याने फवारणी पुढे ढकलली. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला, असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं असतं.

बत्तिसाव्या दिवशी घडावर पांढरं. मी म्हटलं बुरशी. त्याने तोच फोटो कृषी सेवा केंद्रात दाखवला. तिथून उत्तर आलं, "भुरी आहे, हेक्झाकोनॅझोल मार, सोबत गंधक घे." भुरी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आणि त्यासाठी ही औषधं बरोबरच आहेत, दुकानदाराने काही हवेतलं सांगितलं नव्हतं. फोटोत दिसणाऱ्या गोष्टीला त्याने एक ओळखीचं नाव दिलं. दुपारी ब्लोअर फिरला.

छत्तिसाव्या दिवशी रविवार होता. मी आणि हे, दोघं गेलो. खालच्या तुकड्याच्या अकरा ओळींत घडांची शेंडं आकड्यासारखी वळली होती. काही घड तपकिरी होऊन वाळायला लागले होते. पांढरी लव वाढली होती. वरच्या मुरमाड तुकड्यात जवळजवळ काही नव्हतं.

मामी बांधावर उभी होती. "तुझा मामा असता तर पाडव्याच्या दिवशीबी पंप पाठीवर घेतला असता," एवढंच म्हणाली. भावाने मान खाली घातली. मी मात्र पान तोडून उन्हाकडे धरलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

पानात पिवळट, अर्धपारदर्शक ठिपके होते, वर्तमानपत्राच्या कागदावर भज्याचं तेल उतरावं तसे. दुसरं पान, तिसरं पान, तेच. भावाने घडाचा फोटो काढला होता, पान कोणी पाहिलंच नव्हतं. मामा ज्यांना पाहुणे म्हणायचे ते हेच.

पिवळे ठिपके असलेली पण पांढरं काही नसलेली चार पानं आणि एक घड मी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि रात्री स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या फडताळात ठेवले. पहाटे पाचला पिशवी उघडली. पानांच्या खालच्या बाजूला, बरोबर त्या पिवळ्या ठिपक्यांच्या मागे, शुभ्र कापूस उगवला होता. वरची बाजू स्वच्छ. रात्रीचा अंधार आणि दमट हवा मिळाली की हा पाहुणा पानाच्या खालच्या दारातून बाहेर येतो. भुरी असं वागत नाही. भुरी पानाच्या वर राखेसारखी पसरते, आणि तिला पानावर पाणी लागत नाही; धो धो पाऊस तर तिला धुऊनच काढतो. पावसानंतर सहा दिवसांनी घडावर पांढरं दिसलं, हा एकच मुद्दा बत्तिसाव्या दिवशी कोणी लक्षात घेतला असता तरी भुरीचं नाव बाजूला पडलं असतं.

हा होता केवडा. कृषी खात्याच्या पत्रकात केवडा, बांधावर डाऊनी. शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला.

काचपट्टीवर

पान घेऊन मी कॉलेजात गेले. नोव्हेंबरची सकाळ, प्रयोगशाळा गारठलेली. बारावीचं प्रात्यक्षिक दहाला होतं, तोवर सुईच्या टोकाने थोडा कापूस खरवडून काचपट्टीवर घेतला. चाळीसच्या भिंगाखाली झाडं दिसली. दुसरा शब्द नाही. पर्णरंध्राच्या फटीतून चार-पाच पारदर्शक खोडं एकत्र वर आलेली, त्यांना काटकोनात फांद्या, फांद्यांना बारीक टोकं आणि प्रत्येक टोकावर लिंबाच्या आकाराचं एकेक फळ. ती बीजाणुधानी, बीजाणूंची पिशवी. भुरी असती तर फांद्या नसत्याच. आखूड दांड्यावर पिंपासारख्या पेशींची माळ दिसली असती.

निदान इथेच झालं होतं. तरी मी एक थेंब पाणी टाकलं आणि वाट पाहिली. नळाचं नाही, क्लोरीनने हा जीव मरतो; घरून उकळून गार केलेलं आणलं होतं. काचपट्टी ओल्या टिपकागदावर झाकून ठेवली. सव्वा तासाने मुलं आली तेव्हा पुन्हा भिंगाखाली घेतली.

एका लिंबाच्या आत हालचाल सुरू होती, डब्यात चणे हलवावेत तशी. मग लिंबाचं टोक फुटलं. एक बाहेर आला, अडखळला, निघाला. मग दुसरा. मग एकदम तीन. घेवड्याच्या दाण्यासारखे, जवळपास आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीएवढे, गिरक्या घेत थेंबभर पाण्यात सैरावैरा. रिकामं लिंबू काचेच्या भांड्यासारखं मागे राहिलं. मुलांची रांग लागली. आयपीसवरून डोळा न काढताच एका मुलीने विचारलं, "मॅडम, बुरशी पोहते का?"

मी हो म्हणणार होते. मग थांबले, कारण बत्तिसाव्या दिवशी सकाळी मी नेमकं काय म्हटलं होतं ते आठवलं.

हा आहे तरी कोण

देवमाशाच्या नावात मासा आहे. अंग माशासारखं, शेपटी माशासारखी, राहतो पाण्यात. पण तो पिलाला दूध पाजतो, फुप्फुसाने श्वास घेतो, आणि त्याचं जवळचं नातं पाणघोड्याशी आहे. पाण्यात जगायचं तर अंगाला तो आकार परवडतो, म्हणून दोन वेगळ्या घराण्यांनी एकच आकार घेतला. केवड्याचं तसंच आहे. सडक्या-जिवंत गोष्टींत शिरून अन्न शोषायचं असेल तर लांब, बारीक, फांद्या फुटणारा तंतू होणं सोयीचं. बुरशी तशी झाली आणि हाही तसाच झाला. नातं मात्र नाही. याच्या जवळच्या नात्यात समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायॅटम नावाची सूक्ष्म एकपेशीय शेवाळं येतात. बुरशीचं घराणं प्राण्यांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या जास्त जवळचं. हा ज्या गटातला, त्याला ऊमायसीट म्हणतात. यातला 'ऊ' अंड्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला, या जीवांच्या अंड्यासारख्या गोल, जाड कवचाच्या बीजाणूंवरून.

जुन्या वर्गीकरणात यांना बुरशीतच बसवलं होतं, आणि त्याची छाया अजून हटलेली नाही. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात फायकोमायसिटीज या बुरशीच्या गटाची उदाहरणं म्हणून म्यूकर, रायझोपस आणि अल्ब्यूगो ही तीन नावं एका ओळीत येतात. पहिली दोन खरी बुरशी, तिसरी ऊमायसीट. मी ती ओळ वर्षानुवर्षं जशीच्या तशी शिकवली. मुलांना एका गुणाचा प्रश्न असतो, पाठ करून मोकळी होतात. त्या ओळीमुळे कोणाचं नुकसान होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

फरक कुठे पडतो ते पाहण्यासाठी औषधाच्या बाटलीवरून मागे जाऊ.

हेक्झाकोनॅझोल हे ट्रायाझोल घराण्यातलं औषध. गजकर्णावर डॉक्टर इट्राकोनॅझोलची गोळी देतात, तीही याच घराण्यातली. या औषधांचा नेम एका ठरावीक जागेवर असतो. बुरशीच्या पेशीचं पटल टिकून राहायला अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, आपल्या पेशींना कोलेस्टेरॉल लागतं तसा. तो बनवणाऱ्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम) ट्रायाझोल बंद पाडतं. अर्गोस्टेरॉल नाही, तर पटल ढिलं, बुरशी खलास. केवड्याच्या बाबतीत मात्र नेम धरायला तिथे काही नाहीच. हा जीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. ज्या घरात वीजच नाही, त्याचा फ्यूज काढून काय होणार? भावाने मारलेलं औषध खोटं नव्हतं, भेसळीचंही नव्हतं. ते अगदी मन लावून एक कारखाना बंद पाडायला गेलं आणि तिथे कारखाना नव्हता. गंधक भुरीवर उत्तम, केवड्यावर जवळजवळ निरुपयोगी. कार्बेन्डाझिम या दुसऱ्या बुरशीनाशकाचंही केवड्यावर काही चालत नाही.

दुसरा फरक भिंतीचा. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते. झिंग्याचं, खेकड्याचं कवच ज्याचं असतं तेच. केवड्याच्या भिंतीत सेल्युलोज आणि त्याच्या जातीच्या शर्करा असतात; कापसात, कागदात असतं तेच सेल्युलोज. म्हणून डायमेथोमॉर्फसारखी औषधं आहेत, जी नेमकं हे सेल्युलोज रचण्याचं काम बिघडवतात. तीच औषधं भुरीवर मारा, भुरी ढिम्म हलणार नाही. थोडक्यात काय, दुकानात ज्याला सरसकट 'बुरशीनाशक' म्हणतात त्या फळीवर दोन वेगळ्या शत्रूंची शस्त्रं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही घराण्यांतल्या बऱ्याच रोगांवर चालणारीही काही आहेत; मॅन्कोझेब एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं म्हणून त्याला घराणं फारसं विचारावं लागत नाही. पण ते पानाच्या वर राहतं. एकदा जीव आत शिरला की त्याचा हात तिथवर पोहोचत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. केवड्याचे चलबीजाणू, म्हणजे ते पोहणारे दाणे, दोन कशाभिकांनी, शेपटीसारख्या धाग्यांनी, पोहतात. एक गुळगुळीत, दुसरीला पिसासारखे केस. पोहणारी खरी बुरशी अगदीच नसते असं नाही, कायट्रिड नावाचा एक गट आहे, पण त्यांची कशाभिका सहसा एकच आणि मागच्या बाजूला. दोन कशाभिका आणि त्यातली एक केसाळ, ही तपकिरी शेवाळांच्या घराण्याची निशाणी. म्हणजे भिंगाखाली मुलांनी जे पाहिलं, ते त्या जीवाचं आडनाव होतं.

पोहण्यासाठी पाणी लागतं, आणि पानावर पाणी किती वेळ टिकलं यावर सगळा खेळ ठरतो. बीजाणुधानी वाऱ्याने, थेंबाच्या उडण्याने पानावर येते. तिथे ओल असेल तर फुटते. चलबीजाणू पोहत पर्णरंध्राजवळ जातात. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, म्हणून कापूसही खालीच. तिथे ते कशाभिका टाकून देतात, गोल होतात आणि एक कोंब रंध्रातून आत सोडतात. पुढे आतल्या आत तंतू पसरतात, पेशींच्या भिंतीतून बारीक शोषकं घालून रस ओढतात. साधारण वीस-पंचवीस अंश तापमानात चार-सहा दिवस बाहेरून काही दिसत नाही. मग तेलाचा ठिपका, मग एखाद्या दमट रात्री कापूस. कोवळ्या घडाच्या दांड्याला आणि मण्यालाही रंध्रं असतात, म्हणून घडही सुटत नाही. मणी मोठा होत गेला की त्याची रंध्रं बुजत जातात आणि तो बऱ्यापैकी सुरक्षित होतो. फुलोऱ्याच्या आधीचे दिवस म्हणूनच जिवावरचे.

हे कळल्यावर दिवस पुन्हा मोजले. सव्विसाव्या रात्री रोग आत शिरला. बत्तिसाव्या दिवशी बाहेर पडला. त्या दिवशी योग्य औषध मारलं असतं तर पहिली पिढी वाचवता आली नसती. जो घड आतून पोखरला गेला तो गेलाच, कोणतंही औषध त्याला परत हिरवा करत नाही. पण त्या कापसावरची बीजाणुधानी पुढच्या पाच रात्री दवावर स्वार होऊन शेजारच्या ओळीत गेली, ती दुसरी पिढी अडली असती. कालव्याच्या अंगाला दव सकाळी साडेनऊपर्यंत टिकतं, फेलफुटी न काढल्याने आत वारा नव्हता, त्यामुळे खालचा तुकडा जाळ्यात सापडला आणि वरचा सुटला. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता.

फ्रान्समधला चोर आणि मोरचूद

थोडं विषयांतर, पण ते टाळवत नाही. केवडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या रानटी द्राक्षवेली त्याच्यासोबतच वाढल्या, त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. आपण खातो ती जात, व्हिटिस व्हिनिफेरा, पश्चिम आशिया आणि युरोपची. तिने हा पाहुणा कधी पाहिलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा खाल्ल्या, तेव्हा किडीला न जुमानणाऱ्या अमेरिकन वेली तिकडे नेल्या गेल्या, आणि १८७८ मध्ये केवडा फ्रान्समध्ये आढळला. एका दुखण्याच्या औषधासोबत दुसरं दुखणं आलं.

त्यावर उपाय सापडला तो चोरांमुळे. बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, द्राक्षं विषारी दिसावीत आणि वाटसरूंनी हात लावू नये म्हणून. १८८२ मध्ये अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या निळ्या वेलींना पानं आहेत आणि आतल्या उघड्या पडल्यात. १८८५ मध्ये त्याने मोरचूद-चुन्याच्या या बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. निफाडच्या शेडमध्ये आजही प्लास्टिकच्या ड्रमात मोरचूद भिजत घातलेलं दिसतं, ते तिथून आलेलं.

याचे सोयरे आपल्याकडे भरपूर आहेत. बाजरीचा गोसावी, टोमॅटो-बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा, संत्र्याचा डिंक्या, हे सगळे ऊमायसीट. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला, तो बटाट्याच्या याच करप्याने. मराठीत मात्र 'करपा' हा शब्द कांद्यावर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा खऱ्या बुरशीचा असतो आणि टोमॅटोवरचा उशिराचा करपा ऊमायसीटचा. शेतकऱ्याची नावं लक्षणावरून पडलेली असतात. करपल्यासारखं दिसतं, करपा. त्यात त्याची चूक नाही. पण औषध लक्षण बघत नाही.

पुढे काय केलं

औषध मी ठरवलं नाही. ते माझं काम नव्हे. भावाच्या ओळखीचे एक द्राक्ष सल्लागार आहेत, त्यांना काचपट्टीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाठवला. पोहणारे दाणे पाहून त्यांचा फोन आला, "बाकी काही सांगू नका, कळलं." सदतिसाव्या दिवशी दुपारी डायमेथोमॉर्फ आणि मॅन्कोझेब गेलं, आणि या वेळी ब्लोअरचा वेग कमी ठेवून पानाची खालची बाजू भिजते का ते कागदाचे तुकडे लावून पाहिलं. केवड्यावरचंच मेटॅलॅक्झिल का नको, असं भावाने विचारलं. त्यांचं उत्तर मला आवडलं. ते औषध आलं तेव्हा जादू वाटायचं. या जीवाच्या आरएनए बनवण्याच्या कामात ते अडथळा आणतं. पण एकाच जागी घाव घालणारं औषध पुन्हा पुन्हा मारलं की जे थोडे वाचतात त्यांचीच पिढी वाढते. युरोपात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याला दाद न देणारा केवडा सापडला होता. "ते पत्ते मी शेवटी टाकतो," म्हणाले.

त्याआधी कात्री. अकरा ओळींतले रोगट घड आणि ठिपक्यांची पानं काढून क्रेटमध्ये भरली, बागेबाहेर खड्डा करून पुरली. मामी प्रत्येक क्रेट मोजत होती, मोठ्याने नाही. फेलफुटी काढल्या. आठवडाभरात नवीन पानांवर ठिपके यायचे थांबले. थोडं श्रेय औषधाचं, थोडं पडलेल्या कोरड्या थंडीचंही असणार. निफाडची थंडी बदनाम आहे, पण त्या डिसेंबरमध्ये तिने बरं केलं. दव होतं, मात्र पहाटे इतका गारठा की केवड्याला कापूस काढायला जमेना.

खालच्या तुकड्यातला निम्म्याच्या आसपास माल गेला. वरचा मुरमाड तुकडा पूर्ण निघाला. निर्यातीचा विचार त्या वर्षी सोडला, माल पिंपळगावच्या व्यापाऱ्याला दिला. हिशेब मी विचारला नाही, त्याने सांगितला नाही.

कॉलेजात मी अल्ब्यूगोच्या ओळीसमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आहे. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहा, असं मुलांना सांगते, आणि मग द्राक्षाचं पान काढते. ते दरवर्षी मिळतं, ही नाशिकची कृपा.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली. मेच्या मध्याला वळवाचा एक पाऊस पडून गेला. दोन दिवसांनी पहाटे सव्वापाचला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. ओलं वर्तमानपत्र, त्यावर उलटं ठेवलेलं पान, पानावर दोन पिवळे डाग, आणि कापूस कुठेच नाही. खाली लिहिलं होतं, "ताई, रात्रभर ठेवलं. पांढरं काही आलं नाही. अजून काही मारलेलं नाही. मग हे पिवळं कशाचं?"